तात्यांच्या बुटांची घडीची बैठक : कामाच्या नोंदी

१२ मे २०२४, रविवार

तात्यांचा उजवा खुब्याचा सांधा बदलून दहा आठवडे झाले. वॉकर सुटला, आता हातात काठी आहे. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावून सांगितल्यात : कमरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आतल्या बाजूला पिळायचा नाही. आणि बूट घालायला-काढायला माणूस नेमकं हेच तिन्ही करतो.

आज दुपारी त्यांनी बूट मागितले. घालायला नाही, पॉलिश करायला. खुर्चीत बसून मांडीवर जुना टॉवेल, डाव्या हातात बूट, उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं गुंडाळलेलं. पॉलिशचा ठिपका, त्यावर तोंडची वाफ, मग छोटे छोटे गोल. चवड्यावर खिडकीचे गज दिसायला लागले तेव्हा थांबले. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार होऊन घरी आले त्याला आता तेवीस वर्षं झाली, पण रविवारचं हे काम चुकलेलं नाही.

पॉलिश झाल्यावर म्हणाले, "पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला मी चपलेवर उभा राहणार नाही."

आई म्हणाली, "मी घालून देईन की बूट." त्यावर ते काही बोलले नाहीत. मला ते न बोलणं कळलं. तीन महिने हातात आहेत. मी फिटर आहे, घरात ड्रिल मशीन आणि व्हाइस आहे. त्यांना स्वतःच्या हाताने बूट घालता आले पाहिजेत आणि काढताही आले पाहिजेत, एवढं ठरवून कामाला लागतोय.

१४ मे

मापं घेतली. बूट आठ नंबरचा, काळं चामडं, खाली साच्यातलं रबरी तळ. नाडीच्या भोकांच्या सात जोड्या. टाच रुंदीला सात सेंटीमीटर, टाचेचं रबर तीन सेंटीमीटर जाड. तात्यांच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत चव्वेचाळीस सेंटीमीटर.

चेन लावलेला किंवा नुसता पाय सरकवायचा बूट घ्यावा, हे घरात सगळ्यांनी सुचवून झालं. इलॅस्टिकच्या नाड्याही आणून बघितल्या. त्यांनी घोटा धरला जात नाही, आणि काठीवर चालणाऱ्या माणसाचा घोटा बुटाने धरलाच पाहिजे. शिवाय हे बूट त्यांचे आहेत. ते बदलायचे नाहीत, बाकी सगळं बदलायचं.

१९ मे, रविवार

पहिला नमुना. परदेशात याला बूटजॅक म्हणतात. एका टोकाला बेचकी कापलेली फळी, बेचकीखाली आडवी पट्टी. एका पायाने फळीवर उभं राहायचं, दुसऱ्या पायाची टाच बेचकीत अडकवायची आणि पाय वर ओढून घ्यायचा. घोड्यावर बसणाऱ्यांचे उंच बूट काढायला ही वस्तू फार जुन्या काळापासून वापरात आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ओतीव लोखंडाचे बूटजॅक घरोघर असायचे. त्यातला एक प्रकार भुंग्याच्या आकाराचा : भुंग्याच्या दोन मिशा म्हणजे बेचकी. प्रवासात पेटीत टाकायला बिजागरीचे, घडी होणारेही निघाले. कल्पना साधी आहे आणि इतकी वर्षं टिकली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

एकोणीस मिलिमीटरचा प्लाय, लांबी चाळीस, रुंदी चौदा सेंटीमीटर. बेचकीचं तोंड नऊ सेंटीमीटर, आत निमुळती होत साडेपाच. टोकाची उंची पाच, म्हणजे टाचेचं रबर खाली राहतं आणि बेचकी त्याच्या वर चामड्याला धरते. आतून सायकलची जुनी ट्यूब चिकटवली.

नियम केला : प्रत्येक नमुना आधी मी वापरणार. माझाही नंबर आठच. तात्यांचे बूट घालून, घट्ट बांधून उभा राहिलो. पाय निघाला नाही. जोर केला तेव्हा माझ्या नकळत माझा पाय आतल्या बाजूला पिळला गेला. म्हणजे डॉक्टरांनी जे करू नका म्हटलं तेच हा नमुना करायला लावतो.

तात्यांनी बूट हातात घेऊन बघितला. टाचेवर ट्यूबचा काळपट ओरखडा. "हे निघायला मला दोन दिवस लागतील," एवढंच म्हणाले. ट्यूब काढून टाकली. माझ्या जुन्या कमरपट्ट्याचं चामडं मऊ बाजू वर ठेवून लावलं.

२६ मे

फिजिओथेरपीच्या बाईंना नमुना दाखवला. त्यांनी फळीवर बोट ठेवून लगेच चूक दाखवली : बूट काढताना माणूस एका पायावर उभा असतो. डावा बूट काढताना सगळा भार ऑपरेशन झालेल्या उजव्या पायावर, तोही तोल सावरत. "बसून करता आलं पाहिजे," त्या म्हणाल्या, "आणि बसायची जागा उंच हवी."

घरी येऊन दुसरी गोष्ट मोजली. सामान तोलायचा हुकाचा काटा बुटामागच्या चामडी लूपमध्ये अडकवला, पाय घट्ट धरून बूट ओढायला लावला. सगळ्या नाड्या घट्ट : पंचवीस किलोपर्यंत ओढला, बूट हलला नाही. वरच्या तीन जोड्या सैल : चौदा किलो. वरच्या चार जोड्या सैल आणि जीभ पुढे ओढलेली : पाच किलो.

हे आकडे कागदावर लिहिले तेव्हा कामाची दिशाच बदलली. मी आठवडाभर टाचेकडे बघत होतो आणि अडचण घोट्यावर होती. बूट निघत नाही तो नाडीमुळे. नाडी बसल्या जागेवरून सैल करता आली तर बेचकी अगदी हलकी चालेल, पाय पिळायचा प्रश्नच येणार नाही. म्हणजे काढण्याचं यंत्र आणि बांधण्याचं यंत्र अशी दोन कामं नाहीतच.

२ जून

आई विळीवर गवार चिरत बसली होती. आमची विळी घडीची : पातं बिजागरीवर आडवं पडतं आणि काम झालं की पाटाशी मिटून विळी भिंतीला टेकून उभी राहते. चिरताना आई उजवा पाय मुडपून पाटावर दाबून धरते, म्हणून विळी तसूभर हलत नाही. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. तिने विचारलं, "काय झालं रे?"

मला हवं होतं ते समोर होतं. माणसाचं वजनच यंत्राला धरून ठेवतं, आणि काम झालं की यंत्र मिटतं. तात्या ज्या बैठकीवर बसतील तिच्याच पुढच्या पायांना बेचकीची फळी बिजागरीने लावायची. तात्यांचं वजन बैठकीवर, म्हणजे फळी कुठे सरकणार नाही. मिटली की दोन पायांच्या मध्ये उभी. जमिनीवरून काही उचलायला वाकायचं नाही. नुसता घडीचा बूटजॅक केला असता तर तो उचलायला वाकावं लागलं असतं, हे माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं.

मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे जुन्या वाड्याच्या दाराचं सागवान पडून आहे. ते द्यायला तयार झाले. मजुरीचं नाव काढलं तर रागावले.

मापं ठरवली : बैठक पंचावन्न रुंद, पस्तीस खोल, पन्नास सेंटीमीटर उंच. दोन्ही बाजूंना उठताना हात टेकायला हाते. फळी बेचाळीस लांब, बिजागरी जमिनीपासून पाचवर. उभी मिटली की सत्तेचाळीसपर्यंत येते, बैठकीखाली बसते.

९ जून

सांगाडा उभा राहिला. चुळी, म्हणजे लाकडात लाकूड बसवायचे सांधे, मिस्त्रींनी हाताने पाडल्या, पटाशीने. एकही खिळा नाही.

तात्यांना बसवलं आणि मोठा गुण्या, म्हणजे काटकोन मोजायचं हत्यार, त्यांच्या कमरेशी धरला. एक भुजा पाठीच्या रेषेत, दुसरी मांडीच्या. ताठ बसल्यावर मांडी थोडी उताराला, कोन नव्वदाच्या आरामात बाहेर. पाय पुढे ठेवून हात नाडीकडे न्यायला सांगितलं तर कोन झपाट्याने मिटायला लागला. बोटं अजून वीतभर लांब होती तेव्हाच गुण्या भरला, नव्वद अंश झाले. म्हणजे हाताने नाडीपर्यंत जाणं नाही. नाडीने हातापर्यंत यायला हवं.

१६ जून

फळी बसवली. मी बसलो, टाच बेचकीत घातली, पाय ओढला. फळी खाडकन वर उडाली आणि माझ्या डाव्या नडगीवर बसली. सोलवटलं, सूज आली, पण हाड ठीक आहे. तात्यांच्या नव्या सांध्याच्या पायावर हे झालं असतं या विचाराने रात्री झोप लागली नाही.

कारण सरळ आहे. पाय वर ओढला की बेचकीत अडकलेलं टाचेचं रबर फळीला खालून उचलतं, आणि बिजागरी तिला वर यायला मोकळीच आहे. विळीवर आईचा पाय असतो, माझा दुसरा पाय मात्र जमिनीवर होता.

दोन उपाय केले, आणि दोन्ही ठेवणार. फळी वीस सेंटीमीटर रुंद केली. आता बेचकीच्या मागे दुसरा पाय ठेवायला जागा झाली आणि तो ठेवल्याशिवाय सुरू करायचं नाही. शिवाय बैठकीच्या पायाला लोखंडी पट्टी लावली, पाच मिलिमीटर जाड, एका बोल्टवर फिरणारी. काठीने ढकलली की फळीवरच्या खाचेत अडसरासारखी बसते. दुसरा पाय ठेवायचं विसरलं तरी फळी उठणार नाही. पंचवीस वेळा ओढून बघितलं.

२३ जून

आता नाडी. तात्या पलटणीतल्या पद्धतीने बांधतात : बाहेरून बघितलं तर सगळ्या आडव्या सरळ पट्ट्या, शिडीसारख्या, कुठे फुली नाही. दिसायला देखणी. पण अशा बांधणीत वरून ओढलं तर खालपर्यंत ताण पोचत नाही. प्रत्येक भोकात नाडी काटकोनात वळते, प्रत्येक वळणावर घर्षण ताण खातं. वरून दहा किलोने ओढलं तरी तिसऱ्या पट्टीला बोट आत जात होतं.

फुलीची बांधणी वरून छान आवळली जाते आणि सैलही होते. तात्यांना दाखवली. त्यांनी मान हलवली. "ही पोरांची बांधणी."

मी समजूत घालत बसलो नाही, कारण त्यांचं म्हणणं मला पटत होतं. बूट पुन्हा हातात घेऊन बघत राहिलो. पँट घातल्यावर बुटाचं काय दिसतं? खालच्या तीन जोड्या. वरच्या चार पँटखाली जातात. मग खालच्या तीन जोड्या शिडीच्या, एकदाच नीट ताणून बांधायच्या, त्या कधीच सोडायच्या नाहीत. बाकी वरच्या चार फुलीच्या. मोजणीही तेच सांगत होती : वरच्या चार सैल झाल्या की पाच किलोत बूट निघतो.

तात्यांनी बूट पायाला लावून, पँट वरून सोडून आरशात बघितलं. दोन-तीनदा बघितलं. "चालेल."

बसस्थानकाजवळच्या बूट दुरुस्तीवाल्या मामांनी वरच्या चार जोड्यांची भोकं काढून तिथे उघडे पितळी हुक रिव्हेट करून दिले. डोंगर चढायच्या बुटांना असतात तसे. नाडी हुकातून नुसती बाजूला केली की सुटते.

३० जून

मिस्त्री काल आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर निघाले. आषाढी १७ जुलैला, तोवर सुतारकाम बंद. तोवर मी नाडी ओढायच्या हुकाच्या काठीचं काम करतो.

१० जुलै

पाऊस लागून राहिलाय. फळी मिटत नाही.

फळी मी घाईने दुकानातल्या साध्या प्लायची केली होती. बैठक दाराशी, ओले बूट तिच्यावरच. प्लायच्या कडा फुगल्या, दोन थर सुटले, पायांच्या मध्ये बसायला तीन मिलिमीटरनी जाड झाली. सागवानाचा सांगाडा मात्र जागच्या जागी. दुकानदाराने पाण्यातही टिकेल म्हणून सांगितलं होतं आणि मी शिक्का न बघता घेतला. पाण्याला टिकणारा मरीन प्लाय म्हणजे आय.एस. ७१० छापलेला. माझ्या तुकड्यावर आय.एस. ३०३ होतं. तो सर्वसाधारण कामाचा. हे मला वाचता येत होतं, वाचलं नाही.

नवी फळी सागवानाचीच करायची. मिस्त्री आले की.

१४ जुलै

काठी. पहिली सायकलच्या तारेची केली होती. ती लवचीक पडते, नाडी धरली की वाकून निसटते. आता चार मिलिमीटरची स्टेनलेस सळई, पंचावन्न सेंटीमीटर लांब, मूठ बाभळीची. एका टोकाला हुक, आकडा छोटा आणि तोंड आतल्या बाजूला वळवलेलं, म्हणजे मोज्यात अडकत नाही. मुठीच्या वर उलट बाजूला छोटी बेचकी. जुन्या जमान्यात बायकांच्या आणि पुरुषांच्या बटणांच्या बुटांना असाच हुक लागायचा, प्रत्येक बटण त्याने काजातून ओढून घ्यायचं. ही काठी म्हणजे त्याचाच लांब हाताचा भाऊ.

अशा दोन केल्या. दोन्ही हातांनी काम होतं तेव्हाच दोन्ही बाजूंचा ताण सारखा येतो.

२१ जुलै, गुरुपौर्णिमा

मिस्त्री पंढरपूरहून परत आले, आल्या आल्या फळी करून दिली. सागवान, वीस मिलिमीटर. बेचकीची आतली कड त्यांनी कानसेने अशी गोल केली की हात फिरवला तरी धार लागत नाही. फळीवर दुसरी छोटी फळी बिजागरीने बसवली, तीस बाय चौदा, ज्ञानेश्वरी ठेवायच्या लाकडी घोडीसारखी मागून टेकू देऊन उभी राहणारी. ही बांधताना पाय ठेवायची. उतार तीस अंश. बूट तिच्यावर ठेवला की नाडीचा भाग माणसाच्या तोंडासमोर येतो, गुडघा जवळजवळ सरळ राहतो, कमरेतला कोन बदलत नाही. गुण्या धरून खात्री केली.

फळी मिटून उभी राहायला कपाटाचं मॅग्नेट. उचलायला नायलॉनची दोरी, तिचं टोक उजव्या हात्याला बांधलं. खाली पाडायला काठीचा एक धक्का पुरतो.

४ ऑगस्ट

गाठीचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. काठीने गाठ मारता येत नाही. आई म्हणाली ती मारून देईल, पण वाटेत सुटली तर? नाडीची गाठ चालता चालता का सुटते यावर अमेरिकेत बर्कलेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोराचा झटका गाठीला बसतो, ती ढिली होते, आणि पाय पुढे फेकताना नाडीची मोकळी टोकं चाबकासारखी झटकली जाऊन गाठ ओढून उघडतात. एकदा सुरू झालं की दोन-चार पावलांत गाठ गायब. आपण वाकून पुन्हा बांधतो. तात्यांना वाकता येत नाही, आणि सुटलेल्या नाडीवर काठीवाल्या माणसाचा पाय पडणं मला चालणार नाही.

म्हणून गाठच काढून टाकली. नाडी एकशे ऐंशी सेंटीमीटरची, दोन्ही टोकं एकाच स्प्रिंगच्या लॉकमधून. सॅकच्या, जाकिटाच्या दोरीला जे बटण दाबून सरकवायचं असतं ते. टोकं वर एकत्र शिवून मोठा लूप केला, तो बसल्या जागी हातात येतो. डाव्या हाताने लूप वर ओढायचा, उजव्या हातातल्या काठीच्या बेचकीने लॉक खाली दाबत न्यायचा. सैल करताना लॉकचं बटण दाबलं गेलं पाहिजे, तर बटणाला चामड्याची छोटी शेपटी लावली. हुकाने ती वर ओढली की लॉक उघडतो. उरलेला लूप बुटाच्या गळ्यात आत खोचायचा.

गोल नायलॉनची नाडी लॉकमध्ये सरकत होती. चपटी सुती घेतली, ती धरते.

७ ऑगस्ट

तात्या पहिल्यांदा बसले. मी शेजारी, आई दारात. फळी पाडली, पट्टी खाचेत ढकलली, छोटी फळी उभी केली. मोजे घालायला प्लॅस्टिकचं मोजेपात्र फिजिओबाईंनी आधीच दिलं होतं. उजवा बूट हुकाने उभा धरला, जीभ पुढे, पाय आत. टाच बसेना. लांब दांड्याचा शूहॉर्न लागणार हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, कारण माझी टाच सहज जात होती, त्यांच्या पायाला अजून सूज आहे. स्टीलच्या पट्टीला बाक देऊन दुसऱ्या काठीच्या टोकाला तिथल्या तिथे रिव्हेट मारली. कडा घासल्या.

दुसऱ्यांदा टाच "टप्प" करून बसली.

मग हुक, एकेक करून चार, दोन्ही बाजू. त्यांचे हात स्थिर आहेत, माझ्यापेक्षा स्थिर. दोन्ही बूट घालायला अकरा मिनिटं लागली. काढायला दोन. मी एकदाही हात लावला नाही.

११ ऑगस्ट

रोज सराव चालू आहे. आज साडेचार मिनिटं. त्यांनी क्रम स्वतः बदलला : डावा आधी, कारण डाव्याला बूट असला की त्या पायाने फळी जास्त पक्की दाबता येते. मला हे सुचलं नव्हतं. बैठकीशेजारी भिंतीत हाताला धरायचा स्टीलचा दांडा बसवला, चार फास्टनर, माझं पूर्ण वजन टाकून बघितलं.

१५ ऑगस्ट २०२४, गुरुवार

पहाटे पाचला दाराकडून मॅग्नेटचा आवाज आला. मी उठून बाहेर आलो नाही. अंथरुणात पडून ऐकत राहिलो : काठीचा ठोका, पट्टी खाचेत बसल्याचा आवाज, मग बराच वेळ शांतता, मग टाच बसली, मग दुसरी. दोरी ओढली आणि फळी मिटली.

सात वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर होतो. आमच्या साताऱ्याच्या बाजूला झेंड्याला माजी सैनिकांची वेगळी रांग असते. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर पहिल्या महायुद्धातल्या जवानांचं स्मारकच आहे. आमच्या गावची रांग सात-आठ जणांची. तात्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत तशीच राहू दिली. पँटच्या खाली तीन पट्ट्या, सरळ, शिडीच्या.

परत येताना वाटेत चिखल. घरी आल्यावर बैठकीवर बसले, लॉकची शेपटी ओढली, टाच बेचकीत, पाय मोकळा. मग मला जवळ बोलावून फळीकडे बोट दाखवलं. बेचकीच्या कोपऱ्यात चिखल साचला होता आणि चामडं भिजलं होतं.

"इथे एक भोक पाड. पाणी निघून जाईल."

उद्या आठ मिलिमीटरचा ड्रिल. चामडं वाळल्यावर कडेला पुन्हा चिकटवायचं, डावीकडची कड उचलली आहे.